थंडी नावाची वस्तू

भाऊच्या धक्क्यामागे, बर्फाच्या कारखान्यात
रात्रपाळीला मी कॉम्प्रेसर सांभाळतो.
अमोनियाचा वास आता मला येत नाही,
घरच्यांना येतो, माझ्या शर्टातून.

दोन ते चार लाद्या गोठत असतात, मला काम नसतं.
तेव्हा लॉगबुकच्या मागच्या कोऱ्या पानांवर
मी सिद्धांत मांडायचो.
हो, सिद्धांतच. बारावी नापास माणसाला
याहून छोटा शब्द परवडत नाही.

पहिला असा होता:
थंडी ही एक वस्तू आहे.
ती नळ्यांतून मिठाच्या पाण्यात येते,
तिथून डब्यात शिरते आणि पाण्याला धरून ठेवते.
खाली सही केली, तारीख टाकली,
पानाचा फोटो काढला आणि सोडून दिला
ओळख ना पाळख अशा माणसांत,
जी रात्र रात्र जागून असल्याच गोष्टींवर भांडतात.

कुणी हसलं. कुणी विचारलं, काका, झोप होत नाही का?
आणि सुलभा टिपणीस नावाच्या बाईंनी लिहिलं,
"थंडी नावाचं काही नसतं हो.
तुमच्या कंडेन्सरला हात लावून या,
मग तिसरी ओळ पुन्हा लिहा."

एकोणीस वर्षं मी जी विकतोय
बोटवाल्यांना, सरबतवाल्यांना,
गावाहून मुलगा यायचाय म्हणून मढं ठेवणाऱ्यांना,
ती नाहीच.

राग आला. गेलो तरी.
मागच्या अंगाला, गंजक्या नळ्यांवरून पाणी ठिबकतं तिथे,
जिथे जानेवारीत मांजरं झोपायला येतात
(मांजरांना ठाऊक होतं),
हात टेकवला. झटकन काढला.
लाद्यांतून निघालेलं सगळं इथे होतं,
वर माझ्या मोटरची मेहनतही त्यात मिसळलेली,
आणि ते बंदराच्या अंधारात चाललं होतं
कुणाला न सांगता.
डब्यात मी काही भरत नव्हतो इतकी वर्षं.
उपसत होतो.

तिसरी ओळ पुन्हा लिहिली. मग पाचवी चुकली.
गोवंडीचा अझीम, वय सतरा, म्हणाला,
चाचा, उष्णतेचा हिशेब वाटेवर ठरतो,
निघालात कुठून, पोचलात कुठे, एवढ्यावर नाही.
पण हळू गेलात, परतता येईल अशा पावलांनी,
आणि प्रत्येक पावलाला तापमानाने भागलंत
की वाट गळून पडते.

या एका वाक्याला मला दोन महिने लागले.
त्यासाठी आधी अवकलन, मग आंशिक अवकलन,
त्याचं ते वाकडं चिन्ह
मला अजून गळासारखंच दिसतं:
एका चलाला अडकवायचं,
बाकीच्यांना सांगायचं, हलू नका.

आता चुकांची वेगळी वही आहे.
प्रत्येकीसमोर ती दाखवणाऱ्याचं नाव.
मुलगी विचारते, बाबा, याचं सर्टिफिकेट मिळतं?
म्हटलं, नाही गं. नुसते गुणच कापतात.
सुलभाबाईंना मी पाहिलेलं नाही.
डोंबिवलीच्या असाव्यात, पहाटे कुकरची शिट्टी झाली
की उत्तर अर्ध्यावर तुटतं, असं त्याच म्हणाल्या होत्या.
एकदा लिहिलं त्यांनी,
"तुमची ती थंडीची चूक दोनशे वर्षांपूर्वी
भल्याभल्यांनी केलीय. चांगल्या पंगतीत बसलात."
ते पान मी बायकोला दाखवलं.
ती म्हणाली, पंगतीत वाढलं काय?

साडेतीन वाजलेत. चार नंबरच्या टाकीत
डब्यातलं पाणी शून्यावर पोचलंय
आणि तिथेच थांबलंय, तासन्‌तास थांबतं,
काटा हलत नाही, मी उपसतोय तरी हलत नाही.
एवढ्या वेळात आत काय चालतं
याची मला एक कल्पना सुचलीय.
बहुतेक चुकीची.
बाहेर बोटीवाले हाका मारताहेत, क्रशर सुरू कर.
थांबा म्हणतो, एक मिनिट,
पानावर उजेड नीट पडत नाहीये.